भिंतीअलीकडचं पाणी

गल्लीत तिला सगळे लॉन्ड्रीताई म्हणत आणि तिच्या सख्ख्या भावाला प्लायवूडशेठ. दोघांच्या जागा एकमेकींना लागून. बापाने जिवंतपणीच वाटून दिलेल्या. भावाला मोठा तुकडा, ताईला लहान. तिने त्यावरून कधी तोंड उघडलं नाही. भावाने मात्र त्या लहान तुकड्यावरूनही आयुष्यभर तोंड वाकडं केलं, कारण तिथे ताईचा नवरा येऊन राहिला होता. "घरजावई म्हणजे भाडं न भरणारा भाडेकरू," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा. नवरा पंपांच्या आणि धुलाई मशीनच्या मोटारी दुरुस्त करायचा. स्वभावाने गरीब, पण जिभेने नाही. तो म्हणायचा, "भाडेकरू तर भाडेकरू. पण लाइट गेली की मालक माझ्याच दारात उभा असतो."

गल्ली उताराची होती. वरच्या अंगाला नव्या इमारतींची वस्ती, खालच्या अंगाला बैठी घरं आणि त्यांच्यामागे कालवा. पाऊस झाला की वरचं पाणी गल्लीतून यायचं, भावाच्या मोकळ्या आवारात पसरायचं आणि मागून कालव्यात उतरायचं. घोटाभर पाण्याचं कुणाला काही वाटत नसे. पण मग पाऊसच बदलला. महिन्याभराचा पाऊस एका दुपारी कोसळायला लागला. वरच्या वस्तीत मातीचं एक ढेकूळ शिल्लक राहिलं नव्हतं, त्यामुळे सगळं पाणी तसंच्या तसं खाली यायचं.

प्लायवूडला पाण्याचं वावडं. दोन वेळा माल फुगून वाया गेल्यावर भावाने पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणला, आवार कमरेइतकं उंच केलं आणि भोवती काँक्रीटची भिंत घातली. वर्तमानपत्रवाल्याने फोटो छापला, "बदलत्या हवामानाला तोंड देणारा उद्योजक" म्हणून. भावाने तो फ्रेम करून गल्ल्यामागे लावला.

ताईचा नवरा त्याला जाऊन म्हणाला, "दादा, तुमच्या आवारातलं पाणी आता आमच्याकडे वळणार. आणि आमच्यापुढे खालच्या घरांत. भिंतीत खालून वाट तरी ठेवा."

"पाणी काय माझ्या सांगण्यावरून येतं?" भाऊ म्हणाला. "तूही घाल भर. कुणी हात धरलाय?"

हात पैशांनी धरले होते, पण ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात ते घडलं. भर दुपारी अंधारून आलं आणि बघता बघता गल्लीचा ओढा झाला. पाणी भिंतीला धडकलं, वळलं आणि लॉन्ड्रीत घुसलं. धुवायला आलेल्या चादरी तरंगायला लागल्या. नवऱ्याने ताईला आणि इस्त्रीमावशीला लाकडी माळ्यावर चढवलं. इस्त्रीमावशी म्हणजे लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, खालच्या बैठ्या घरांत राहणारी वयस्कर बाई; ताईच्या लग्नाआधीपासून तिथे होती. "मेन बंद करतो आणि आलोच," असं म्हणून तो बोर्डाकडे गेला. बोर्डापर्यंत पोचला नाही. मध्येच ताठ झाला आणि आडवा पडला.

मावशीने कपडे ढवळायच्या लाकडी दांड्याने त्याला पाण्यात लोंबणाऱ्या तारेपासून ढकललं, वीज तोडली. दोघींनी मिळून त्याला इस्त्रीच्या टेबलावर घेतलं. गल्लीत छातीएवढं पाणी, तेही ओढीचं. बाहेर पडायला एकच वाट होती: दोन्ही आवारांच्या मधल्या भिंतीतलं लोखंडी दार. पलीकडे भावाचं उंच, कोरडं आवार आणि त्याच्यामागे मोठा रस्ता. दाराला कुलूप भावाच्या बाजूने.

ताईने दोन्ही मुठींनी दार बडवलं. वरच्या खिडकीत भाऊ आला.

"दादा, दार उघड! ह्यांना शॉक बसलाय!"

"आत्ता उघडलं तर सगळं पाणी आत येईल! खाली नवा माल आहे! थांब जरा, उतरतंय पाणी!"

"दादा, हे श्वास घेत नाहीयेत!"

खिडकीतला चेहरा नाहीसा झाला. ताईला वाटलं, येतोय. ती दारापाशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, पलीकडे कुलपाचा आवाज येईल म्हणून कान लावून. आवाज आला तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याखाली गेलं होतं आणि टेबलावरच्या माणसाचे हात गार पडले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वीज लागली त्याच क्षणी सगळं संपलं असण्याची शक्यता जास्त. लवकर आणलं असतं तरी..." ताई उठून बाहेर गेली. ते वाक्य तिने पुरं होऊ दिलं नाही, आणि पुढे कधी होऊ द्यायचं नाही हेही तिथेच ठरवून टाकलं.

भाऊ भेटायला आला, मान खाली घालून बसला. "नशीब गं. दुसरं काय," म्हणाला. तिने त्याला खुर्ची दिली. लोकांना वाटलं, बाई मोठ्या मनाची. मावशीला तसं वाटलं नाही. ती तिचा हात धरून म्हणाली, "ताई, रडा. नाहीतर आत विष होतं."

ताई रडली नाही. डूख धरणं म्हणतात ते तिने त्या दिवशी धरलं. फूत्कार नाही, शिव्याशाप नाहीत. सकाळी भाऊ शटर वर करायचा तेव्हा ती आपल्या दारातून त्याच्याकडे बघायची आणि कामाला लागायची. पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते भावाला कळायला वेळ लागला.

आधी तिला पायाखाली जमीन हवी होती. छोट्या धंद्यांसाठी बँकेची एक योजना आली होती, उन्हावर चालणाऱ्या सामानासाठी. तिने छपरावर पाणी तापवायच्या काळ्या नळ्या बसवल्या. कपडे धुवायला कढत पाणी लागतं आणि पूर्वी त्यासाठी डिझेलचा बंब भकाभका धूर ओकत असे. तो तिने भंगारात काढला. मशिनं छातीएवढ्या ओट्यांवर चढवली. शेवटच्या खळबळण्याचं पाणी टाकीत धरून पहिल्या धुण्याला वापरायला लागली. खर्च उतरला तसा दर उतरवला, आणि मोठ्या इस्पितळाच्या चादरी तिच्याकडे आल्या. चार बाया कामाला लागल्या. भाऊ लोकांना सांगायचा, "बहीण कुणाची आहे!" हे तिच्या कानावर आलं की इस्त्रीचा हात जरा जोरात पडायचा.

आणि मग पालिकेची इंजिनीअर बाई आली.

तरुण होती, पायात गमबूट, बोलायला स्वच्छ. पालिकेने ठरवलं होतं की पाण्याशी भिंती बांधून भांडायचं नाही, त्याला थांबायला जागा द्यायची. गल्लीत एक खोलगट तळं करायचं. पावसात पाणी त्यात उतरेल, मुरेल, उरलेलं सावकाश कालव्यात जाईल. एरवी तिथे झाडं आणि बाकं. जागा दोन होत्या. एक, गल्लीच्या वरच्या तोंडाचं बंद पडलेलं बस दुरुस्तीचं आवार; ते पालिकेचंच होतं. दुसरी, प्लायवूडशेठचं आवार, जिथे पाणी पूर्वी आपणहून जात होतं.

"चांगली कुठली?" ताईने विचारलं.

"पाण्याच्या दृष्टीने तुमच्या भावाची," बाई म्हणाली. "पण बसचं आवार काही वाईट नाही. तुमच्या भावाने भिंत पाडून खालून वाट दिली, तर जवळजवळ तेवढंच काम होईल. आणि येत्या पावसाआधी होईल. भावाची जागा ताब्यात घ्यायची म्हणजे कोर्टकचेऱ्या आल्या. एक पावसाळा तरी जाईलच. रहिवाशांच्या सभेत काय ते ठरू दे."

ताई "हं" म्हणाली. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

भावाला वास लागला होताच. नाक दाबलं की तोंड उघडतं. दुसऱ्याच दिवशी तो लॉन्ड्रीच्या दारात आला, आत ये म्हणायची वाट बघत उभा राहिला. तिने म्हटलं नाही.

"भिंत पाडतो मी," तो बाहेरूनच म्हणाला. "उतार करून देतो. म्हणशील तिथून वाट देतो. लेखी देतो, मग तर झालं? तू फक्त सभेत बसच्या आवाराचं बोल. लोक तुझं ऐकतात."

"आता सुचलं?"

"माणूस चुकतो गं."

"बघू," ती म्हणाली, आणि चादर झटकली. तो उडालेल्या पाण्याने ओला झाला तरी दारातून हलला नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ते दृश्य तिने कामातून मान वर न करता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, चवीने पाहिलं.

संध्याकाळी वहिनी आली. वहिनीचा स्वभाव चांगला. ताईच्या नवऱ्याला तिने कधी घरजावई म्हटलं नव्हतं. ती आत येऊन इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली, आणि ते कुठलं टेबल आहे हे ध्यानात येऊन बाजूला सरकली.

"ताई, एक सांगायचंय. मनात ठेवून मला जगता येईना. त्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती. तुमची हाक ऐकली आणि मी किल्ली घेऊन निम्मा जिना उतरले होते. ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, पाच मिनिटं थांब, पाणी उतरतंच आहे. मी थांबले. मला माफ करा. ह्यांनाही... ते वाईट नाहीत, घाबरले होते."

वहिनीला वाटलं होतं, खरं सांगितलं की मन निवळेल. खरं बोलण्यावर तिचा फार विश्वास. ताई मात्र ऐकता ऐकता आतून थंडगार होत गेली. आजवर तिला वाटत होतं की भाऊ खिडकीतून हलला आणि गोंधळला, किल्ली शोधत बसला असेल, माल उचलत बसला असेल. कुठेतरी एवढीशी फट तिने त्याच्यासाठी ठेवली होती. जिन्यात किल्ली होती आणि ती किल्ली त्याने धरून ठेवली होती. फट बुजली.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "आता जा."

पुढचे दिवस ती स्वतः धुतलेले कपडे पोचवायला लागली. गल्लीत असं घर नव्हतं ज्याच्या चादरीवरचा डाग तिने काढला नव्हता. कुणाची उशी रात्री ओली होते आणि कुणाच्या शर्टाला कुणाचं अत्तर लागतं, हे तिला माहीत होतं आणि तिने ते कधी कुठे बोलून दाखवलं नव्हतं. त्यामुळे तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. गठ्ठा हातात देताना ती एवढंच म्हणायची, "सभेला या हं. बसचं आवार घेतलं तर भिंत पाडायचा शब्द कोणाचा, तेवढं फक्त विचारात घ्या." बस्स. बाकीचं लोक आपसांत बोलत.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. इंजिनीअर बाईने दोन्ही बाजू मांडल्या, काही लपवलं नाही. एक पावसाळा जाईल हेही सांगितलं. हॉलमध्ये चुळबुळ झाली. खालच्या घरातला एक जण म्हणाला, "मग बसचं आवारच बरं की! आम्ही आणखी एकदा बुडायचं कशाला?"

दोन-चार माना हलल्या. ताई उठली.

"बुडायची भीती मलाही आहे," ती म्हणाली. "माझ्या घरातलं माणूस गेलंय. पण बसच्या आवाराचा सगळा खेळ एका माणसाच्या शब्दावर आहे. तो भिंत पाडणार, तो वाट देणार. आज देईल, चार वर्षांनी परत बुजवेल. ज्याने जीव चाललेला असताना एक दार उघडलं नाही, तो तुमच्यासाठी भिंत उघडी ठेवेल?"

भाऊ उठला.

"ताई, अगं माझा सगळा धंदा आहे तिथे. तळं तिथे केलं तर मी कुठे जाऊ? पाण्याची वाट वरूनही काढता येते, बाई सांगताहेत ना..."

"पाणी काय माझ्या सांगण्यावरून येतं, दादा?"

हे वाक्य तिने इतके दिवस जिभेखाली ठेवलं होतं की ते बोलल्यावर तिला तोंड रिकामं रिकामं वाटलं.

हात वर करायची वेळ आली. पहिला हात इस्त्रीमावशीचा वर गेला. मावशीने बाईंकडे पाहिलं नाही, नकाशाकडे पाहिलं नाही. ताईकडे पाहिलं आणि हात वर केला. तिच्यामागून खालच्या घरांचे हात वर गेले, मग सगळ्यांचेच.

भावाने कोर्ट गाठलं. तारखा पडत राहिल्या, आणि पावसाळा काही तारखेसाठी थांबत नाही. त्या वर्षी पाणी आलं ते आधीच्यापेक्षा वर आलं. लॉन्ड्रीत ओट्यांवरची मशिनं कोरडी राहिली. ताईने वेळेवर मेन पाडला, बायांना छपरावर नेलं. कुणालाही ओरखडा आला नाही. पण खालच्या घरांत पाणी आढ्यापर्यंत गेलं. इस्त्रीमावशीचं घर मातीच्या विटांचं होतं. एक भिंत बसली, तिच्यामागून छप्पर. मावशी कामावर होती म्हणून वाचली. शिवणयंत्र, गाद्या, नवऱ्याचा एकुलता एक फोटो, सगळं कालव्यात गेलं.

दोन दिवसांनी मावशी लॉन्ड्रीत आली, नेहमीच्या जागी उभी राहिली. इस्त्रीला हात लावला नाही.

"ताई, एक पावसाळा जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"सभेत बाईंनी सांगितलं होतं, मावशी. सगळ्यांनी ऐकलं."

"सगळ्यांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. मी तुमच्याकडे बघत होते."

"तुम्ही इथे राहा. माळा रिकामा आहे. नवं घर बांधून देते."

"माळ्यावर मी एकदा बसलेय," मावशी म्हणाली. "त्या दिवशी मी तुमच्या माणसाला दांड्याने ढकललं. मला वाटायचं, आपण दोघी एकाच बाजूला आहोत. तुम्ही तुमच्या भावाच्या मागे लागलात, त्यात माझं काही म्हणणं नाही. मीही असते तर लागले असते. पण मला सांगायचं तरी होतंत."

ती वरच्या वस्तीत लेकीकडे गेली ती गेलीच. ताईने तिच्या जागी दोन मुली ठेवल्या. चादरींच्या घड्यांच्या कडा काही तशा जुळल्या नाहीत.

कोर्टाचा निकाल लागला तेव्हा थंडी पडली होती. पिवळं मशीन आलं त्या दिवशी ताईने लॉन्ड्री बंद ठेवली, खुर्ची बाहेर आणून मांडली आणि सकाळपासून तिथे बसली. भिंत पडली तशी धूळ उडाली. तिने तोंडावर पदर घेतला, डोळ्यांवर घेतला नाही. पत्रे निघाले, खांब वाकले, राडारोडा ट्रकमध्ये चढला. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. सुडाची गोडी कडू असते म्हणतात; तिला तरी त्या दिवशी कडू लागली नाही. मशिनाचा प्रत्येक घाव तिला आपल्याच मुठीचा वाटत होता, त्या लोखंडी दारावर घातलेला, आणि या वेळी पलीकडून उत्तर येत होतं.

दुपारी भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. खूप वाळला होता. पालिकेने मोबदला दिला होता, पण त्यात गल्लीत काही मिळण्यासारखं नव्हतं. लांब कुठेतरी भाड्याचा गाळा घेतला होता.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"अजून मागची खोली राहिलीय," ती म्हणाली.

त्याने अंगावरची धूळ झटकली. "वीज लागल्याबरोबर गेला होता तो. डॉक्टर मलाही म्हणाले होते. मी दार उघडलं असतं तरी..."

"दादा, ते वाक्य माझ्यासमोर पुरं करू नकोस," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझं आणि माझं जे काही उरलंय ते डॉक्टरांच्या त्या अर्ध्या वाक्यामुळेच उरलंय. नाहीतर मला आज तुझा जीव मागावा लागला असता."

भाऊ गेला. मागची खोली पडेपर्यंत ती उठली नाही.

तळं झालं. पुढच्या पावसाळ्यात आभाळ फाटलं तेव्हा गल्ली कोरडी राहिली. पाणी आलं, वळलं, तळ्यात उतरलं आणि शहाण्यासारखं थांबलं. दुसऱ्या शहरांतले अधिकारी बघायला यायला लागले. वर्तमानपत्रवाला आला, ताईचा फोटो घेतला: मागे तळं, बाजूला छपरावरच्या काळ्या नळ्या. तिने फोटोसाठी मान उंच केली. वहिनीचे फोन येत. ती उचलत नसे.

इंजिनीअर बाई अधूनमधून पातळी मोजायला यायची. असंच एकदा दोघी काठाच्या बाकावर बसल्या होत्या. खालच्या घरांच्या जागी नवी, उंच जोत्याची घरं उभी राहत होती. त्यांत मावशीचं नव्हतं.

"एक विचारू?" बाई म्हणाली. "बसचं आवार घेतलं असतं, तर त्या वर्षी खालची घरं बुडाली नसती. हे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. पुन्हा वेळ आली तर?"

ताईने पायाशी पडलेला खडा पाण्यात टाकला.

"पुन्हा तेच करेन," ती म्हणाली. "हेच आवार खणायला लावेन, त्याला असाच धुळीत उभा करेन. फक्त त्याआधी मावशीला तिच्या गाद्या, शिवणयंत्र, फोटो, सगळ्यासकट उचलून वर आणून ठेवेन. तिला नको असलं तरी."

"आणि बाकीची खालची घरं?"

ताईने नजर खालच्या नव्या घरांकडे वळवली. बाईने उत्तराची वाट पाहिली, मग गमबूट चढवले आणि पट्टी घेऊन पाण्यात उतरली. ताई बाकावर तशीच बसून राहिली, लॉन्ड्रीतून तिला दोनदा हाका आल्या तरी.